कपाळातलं मेण

हे कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. पण वही म्हटली की कधी ना कधी कोणाच्या तरी हाती लागतेच, म्हणून आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर वाईट आहे. चौथीत असताना मास्तरांनी माझ्या वहीवर ‘कोंबडी नाचली’ असा शेरा मारला होता, आणि चौथीनंतर शाळाच सुटली, त्यामुळे ती कोंबडी तशीच राहिली. वेलांटी पहिली की दुसरी असा प्रश्न पडला की मी ती अक्षराच्या डोक्यावर मधोमध काढते. वाचणाऱ्याने हवी ती धरावी.

आठी हा शब्द मात्र मला नक्की लिहिता येतो. लहानपणी मला वाटायचं, कपाळावर आठ रेघा असतात म्हणून आठी. आमच्या वन्संच्या, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या, कपाळावर एकच होती.

आम्ही तेव्हा कल्याणला काळ्या तलावाच्या बाजूला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. घरात सासूबाई, हे आणि मी. हे ठाण्याला कोर्टात कारकून होते. माझं लग्न स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी झालं, आणि वन्संना मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नातच. उंच बाई, मोठं कुंकू. आठ आण्याच्या नाण्याएवढं, बरोबर दोन भुवयांच्या मधे. तेव्हा कुंकू लावायचं म्हणजे आधी कपाळाला मेण लावायचं आणि त्यावर बोटाने कुंकवाची पूड बसवायची. मेण असलं की कुंकू दिवसभर हलत नाही. मीही तसंच लावत असे, अजूनही लावते.

तीन वर्षांनी वन्संचे यजमान विषमज्वराने गेले. मूलबाळ नव्हतं. दिवसवार झाल्यावर हे जाऊन त्यांना घेऊन आले. पदर डोक्यावरून होता, तो त्यांनी आत आल्यावर मागे केला तेव्हा मी पाहिलं. कुंकवाच्या जागी एक उभी रेघ होती, नखाने ओल्या मातीत ओढावी तशी खोल. वन्संचं वय तेव्हा एकतीस-बत्तीस असेल. बाकी चेहऱ्याला एक सुरकुती नव्हती.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, “ही आठी कधी पडली गं तुझ्या कपाळाला?”

“होतीच,” वन्सं म्हणाल्या. “मेणाखाली होती.”

मी मुळात भित्री. कोणी मोठ्याने बोललं तरी हातातलं भांडं खाली ठेवणारी. त्या आठीमुळे मला पहिले काही महिने फार जड गेले. वन्सं जेवायला बसल्या की मी विचारायची, “आमटी खारट झाली का, वन्सं?” त्या म्हणायच्या, “नाही गं, छान झाली आहे,” आणि आठी तशीच. मग मला वाटायचं, आमटी खारटच झाली आहे, फक्त बोलत नाहीत. सगळ्यांनाच तसं वाटे. खाडीवरच्या गावातून एक आगरीण आमच्याकडे खडेमीठ आणि भाजी घेऊन यायची. ती एकदा दारात टोपली उतरवून माझ्या कानाशी म्हणाली, “काय गो बाय, तुजी नणन कनाला रागावलीय? मी काय जास्त पैसं मागितलं का?” वन्संनी आतून ऐकलं. बाहेर येऊन त्यांनी तिच्याकडून दोन जुड्या जास्त घेतल्या. तरी ती जाताना वळून वळून बघत होती.

वन्संच्या सासरहून, पेणच्या बाजूहून, दिरांची पत्रं येत. घरात चार मुलं, दिरांची बायको नेहमी आजारी, तेव्हा वहिनींना परत पाठवा, घरात माणूस हवं, असा मजकूर असे. वन्संना जायचं नव्हतं. अकरा वर्षं त्यांनी त्या घरात चौदा माणसांचं केलं होतं आणि यजमान होते तोवर त्यात निदान एक जण विचारणारा होता. आता जायचं म्हणजे कशाला जायचं, ते त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. पण ह्यांना दिरांना सरळ नाही म्हणता येईना. कारण काय सांगणार? सासूबाई म्हणायच्या, “दिलेली मुलगी आहे. किती दिवस ठेवणार?” त्या वाईट नव्हत्या, पण रेशनचं धान्य त्या मोजत असत आणि मोजताना आवाज होई.

कारण एकच चाललं असतं, नोकरी. वन्सं सातवीची परीक्षा पास होत्या. डोंबिवली तेव्हा लहान गाव होतं, भातखाचरं आणि मधे मधे नवे बंगले. तिथे एका शाळेने नवा शिशुवर्ग काढला होता. ह्यांच्या कोर्टातल्या एकाच्या ओळखीने वन्संना तिथे घेतलं. पगार पंचेचाळीस रुपये, पण आधी मे महिन्यापर्यंत तात्पुरतं. ह्यांनी लगेच दिरांना लिहिलं की ताईला नोकरी लागली आहे. दिरांचं उत्तर आलं की कायम झाली का ते कळवावं, नसल्यास मे महिन्यात मी स्वतः न्यायला येतो.

म्हणजे सगळं मे महिन्यावर येऊन थांबलं.

पहिल्याच महिन्यात शाळेच्या मोठ्या बाईंनी वन्संना बोलावलं. वन्संनी मला हे पाणी भरताना सांगितलं, जसं दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

“मोठ्या बाई म्हणाल्या, मुलांवर रागावत जाऊ नका हो. मी म्हटलं, मी रागावत नाही. तर म्हणाल्या, मग कपाळाला आठी का घालता?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? ती मी घालत नाही, ती आहे, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, चार वर्षांच्या पोराला हे कोण समजावणार? आणि खरंच गं वहिनी, एक मुलगी दाराच्या मागून बाहेर येत नाही. रोज तिची आई तिला रडत सोडून जाते.” मग घागर उचलत म्हणाल्या, “मुलं रुळली तर ठेवणार, नाहीतर दुसरी बाई बघणार आहेत.”

त्यानंतर वन्सं त्या रेघेच्या मागे लागल्या. एरंडेल चोळलं. अंगठ्याने दाबून दाबून कपाळ लाल केलं. कोणी सांगितलं म्हणून झोपताना कागदाची पट्टी खळीने चिकटवून ठेवली. काही झालं नाही. एके दिवशी सकाळी मी न्हाणीतून आले तर त्या माझ्या आरशापुढे उभ्या होत्या आणि हातात माझी मेणाची डबी होती. त्यांनी मेणाची बारीक वळी करून त्या रेघेत भरली होती आणि बोटाने वरून सारखी केली होती. कुंकू नाही, नुसतं मेण. खरंच, दोन हातांवरून आठी दिसत नव्हती. चेहरा एकदम निवांत वाटत होता. मी पहिल्यांदा पाहिलं की वन्सं दिसायला चांगल्या आहेत.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी एकदा वन्संकडे पाहिलं, एकदा डबीकडे.

“पूस ते.”

“आई, नुसतं मेण आहे.”

“मेण कशासाठी लावतात ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. लोक म्हणतील, कुंकवाची तयारी चालली आहे. पूस.”

वन्संनी पदराने पुसलं आणि डबी जागेवर ठेवली. झाकण लावायला विसरल्या नाहीत.

त्याच आठवड्यात जेवताना ह्यांनी कोर्टातली गोष्ट सांगितली. एक निवृत्त सुभेदार साक्षीला आला होता. लढाईत त्याच्या गालाला गोळी चाटून गेली होती आणि मोठा खड्डा पडला होता, पण आता गाल सारखा दिसत होता. त्याने म्हणे सर्वांना हात लावून बघायला दिला.

“आत मेण भरलंय,” हे म्हणाले. “पातळ करून सुईने आत सोडलं. ठाण्यालाच एक म्हातारे पारशी डॉक्टर आहेत, तळ्याच्या पलीकडे. विलायतेत शिकलेले. पहिल्या लढाईच्या वेळी त्यांनी पुष्कळ सोजिरांना असं केलं म्हणतो.”

“मेण?” सासूबाई हसल्या. “मग त्याला म्हणावं चुलीपाशी बसू नको बाबा, गाल हनुवटीवर यायचा.”

सगळे हसलो. वन्सं हसल्या नाहीत, त्यांनी ताक वाढून घेतलं. पानं उचलताना मला म्हणाल्या, “आतून मेण भरलं तर ते कोणाला दिसणार आहे?”

त्यासाठी पैसे लागणार होते आणि ते वन्संकडे नव्हते. तीन महिन्यांचा पगार त्यांनी घरात दिला होता. ह्यांना विचारलं तर सासूबाईंना कळलं असतं. माझ्याकडे माहेरच्या मोत्यांच्या बुगड्या होत्या. त्या घातल्या की कानाची वरची पाळी दुखायची म्हणून मी कधी घालत नसे. तरी त्या दिल्या त्या काही फार मोठ्या मनाने दिल्या असं नाही. वन्संनी मागितल्या, आणि कोणी समोर उभं राहून मागितलं की मला नाही म्हणता येत नाही. त्या विकून साठ रुपये आले. वन्सं म्हणाल्या, “कायम झाले की दरमहा तीन रुपये देईन. वीस महिने लागतील.” मी मान हलवली.

सासूबाईंना आम्ही सांगितलं की ठाण्याला तळ्याकाठच्या देवळात जाऊन येतो. खोटं नको म्हणून आम्ही आधी देवळात गेलो, मग डॉक्टरांकडे.

डॉक्टर खूपच म्हातारे होते. खुर्चीवर उशी ठेवून बसत. त्यांनी वन्संची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि अंगठ्याने रेघ दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली.

“किती जुनी?”

“दहा वर्षं असेल.”

“बाई, हा जुना इलाज आहे. मी आता कोणाला करत नाही. तरुण डॉक्टर लोक याला शिव्या देतात, आणि बरोबर देतात. कशाला पाहिजे तुला?”

“मुलं घाबरतात.”

“तुझी?”

“शाळेतली.”

“तर मग हसायचं त्यांच्यासमोर. फुकटमां काम थाय.”

वन्सं त्यांच्याकडे बघून हसल्या. डॉक्टरांनी ते नीट पाहिलं, पुढे वाकून पाहिलं. हसू सगळं होतं आणि वर मधोमध आठी होती. उठून त्यांनी स्पिरिटचा स्टोव्ह पेटवला.

एका काचेच्या वाटीत पांढरं मेण होतं. ती वाटी त्यांनी गरम पाण्यात ठेवली. मेण आमच्या मेणासारखं पिवळं, मधाच्या वासाचं नव्हतं. त्याला वासच नव्हता. सुईची पिचकारी दुसऱ्या गरम पाण्यात होती. नर्स नव्हती. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“दोन बोटं इथे ठेव, नाकाच्या दोन बाजूंना, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी. जोरात दाब. मी बोलेपर्यंत सोडायचं नाही. सोडलं तर मेण डोळ्याकडे जाईल.”

मी वन्संच्या चेहऱ्याला त्याआधी कधी हात लावला नव्हता. मी दाबून धरलं. सुई वरून आत गेली, फार हळू, आणि ती रेघ खालून वर उचलली जाताना मी पाहिली. भाकरी फुगते तशी. वन्संनी माझ्या लुगड्याचा निरीचा भाग मुठीत धरला होता. मग डॉक्टरांनी थंड पाण्याची पट्टी ठेवली आणि बोटांनी मेण सारखं केलं, जसं वन्संनी माझ्या आरशापुढे केलं होतं तसंच.

पन्नास रुपये घेतले. निघताना म्हणाले, “तीन महिने सांभाळायचं. गरम बिलकुल नाय. समजली? गरम नाय.”

“समजलं,” आम्ही दोघीही म्हणालो.

आणि आम्हाला समजलं होतं. गरम म्हणजे उष्ण. कोणताही वैद्य, कोणतीही म्हातारी औषधाबरोबर हेच सांगते, उष्ण खाऊ नको. त्या दिवसापासून वन्संनी बाजरी सोडली, गूळ सोडला, लसूण सोडली, पपई नाही, तीळ नाहीत. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा त्यांनी हातात घेतला आणि माझ्या तोंडात घातला. सासूबाईंना वाटलं, देवळात काही नेम केला असेल. मी त्यांना रोज धने-जिऱ्याचं पाणी करून देत असे. आम्ही इतकं पथ्य पाळलं की डॉक्टरांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती, असं मला तेव्हा वाटे.

पहिले आठ दिवस कपाळ सुजलेलं होतं, मग उतरलं. कपाळ साफ झालं, थोडं चकाकायचं एवढंच. सासूबाई म्हणाल्या, “देवळात गेल्यापासून हिचा चेहरा शांत झाला. मनात समाधान असलं की आठ्या जातात बरं.” आगरीण म्हणाली, “आता कशी, सुटला तुजा राग?” दाराच्या मागची मुलगी एक दिवस दाराच्या पुढे येऊन बसली, हे वन्संनी मला सांगितलं. मग ती मांडीजवळ येऊ लागली. मोठ्या बाईंनी सांगितलं की फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी शाळेच्या समितीतले दोघे येऊन वर्ग पाहतील. त्यांना पसंत पडलं तर मे महिन्याची वाट बघायला नको, तिथेच कायम करू.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, वन्संना सर्दी झाली. दुपारपासून कपाळ ठणकायला लागलं, डोळे उघडवेनात. सासूबाई शेजारी पोथी ऐकायला गेल्या होत्या, जाताना म्हणाल्या, “सुंठ उगाळून लेप घाल तिला.”

मी सहाण घेतली, सुंठेचा तुकडा काढला आणि थांबले. सुंठ उष्ण. कपाळाला लावली तरी अंगात उतरते. इतके दिवस पाळलं आणि आता उद्यावर सगळं असताना सुंठ लावायची? मी वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, “नको. सुंठ नको. उष्ण पडेल.”

मग मी सुंठ परत डब्यात टाकली आणि आगरिणीकडचं खडेमीठ तव्यावर तापवलं. मीठ उष्ण नाही. त्याची फडक्यात पुरचुंडी बांधली आणि वन्संचं डोकं मांडीवर घेऊन कपाळ शेकत बसले. पुरचुंडी निवली की पुन्हा तव्यावर, पुन्हा कपाळावर. वन्सं म्हणाल्या, “बरं वाटतंय.” म्हणून मी आणखी शेकलं. दिवेलागणीपर्यंत शेकत होते.

मी नंतर पुष्कळदा विचार केला आहे की आपल्याला मधे एकदाही कसं सुचलं नाही. मेण मी रोज वापरत होते. उन्हाळ्यात डबीतलं मेण पातळ होतं हे मला माहीत होतं. त्या सुभेदारावर सासूबाई बोलल्या त्याला मी हसलेही होते. पण डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं, आणि पथ्य म्हटलं की मला ताटच दिसलं.

सकाळी वन्संनी मला हाक मारली. त्यांच्या दोन भुवयांच्या मधे आठी परत आली होती, आणि तिच्या खाली, नाकाच्या सुरुवातीला, चिंचोक्याएवढं टेंगूळ होतं. डाव्या डोळ्याचा कोपरा सुजून बंद होत आला होता. त्यांनी आरसा खाली ठेवला.

“मीठ,” त्या म्हणाल्या.

रात्रीची पुरचुंडी तिथेच होती, ती मी उचलून पदराखाली घेतली.

“मलाही सुचलं नाही,” असं म्हणून त्यांनी लुगडं बदललं आणि त्या शाळेत गेल्या. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. समितीतल्या दोघांपैकी एकाने विचारलं की बाईंना काही संसर्गाचा रोग आहे का. मोठ्या बाईंनी सांगितलं की आधी उपचार करून घ्या, मग बघू. दाराच्या मागची मुलगी परत दाराच्या मागे गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा ठाण्याला गेलो, या वेळी देवळात न जाता. डॉक्टरांनी टेंगूळ चाचपून पाहिलं.

“गरम नाय बोललो होतो मी.”

“काहीच गरम खाल्लं नाही,” वन्सं म्हणाल्या. “बाजरीसुद्धा नाही.”

डॉक्टरांनी टेंगळावरचा हात काढला. “खायचं कोण बोलला?” मग माझ्याकडे वळून विचारलं, “काय लावलं?” मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. रागावले नाहीत. म्हणाले, “चाळीस वर्षं या देशात दवा दिली, आणि अजून मला बोलता येत नाय.” त्यांनी मोठ्या दवाखान्यातल्या एका सर्जनला चिठ्ठी दिली आणि पन्नासातले वीस रुपये परत देऊ केले. वन्संनी घेतले नाहीत. त्यांचं म्हणणं, डॉक्टरांनी आपलं काम नीट केलं होतं.

आता घरात सांगावंच लागलं. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे देवळात गेला नव्हतात?”

“देवळातही गेलो होतो,” मी म्हटलं. सासूबाईंपुढे मी उलट बोललेलं ते पहिलंच. वन्सं दवाखान्यात होत्या ते पाच दिवस रोज मऊ भात सासूबाईंनीच करून डब्यात भरून दिला. मला करू दिला नाही.

सर्जनने मेण कापून काढलं. ते मांसात गुरफटलं होतं, म्हणून बरंच कापावं लागलं. टाके पडले. वन्सं फाल्गुनात पट्टी बांधूनच शाळेत परत गेल्या. पट्टी निघाली तेव्हा आठी नव्हती. ती कापण्यातच गेली होती. तिच्या जागी भुवईपासून नाकापर्यंत तिरका, गुलाबी व्रण होता, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. मला तो आठीपेक्षा वाईट दिसला. मी तेव्हा मनात धरूनच चालले की आता दीर येणार.

एप्रिलमध्ये एक दिवस वन्सं डबा घरी विसरल्या. मी कधी एकटी बाहेर पडत नसे, पण त्या दिवशी गेले. शाळेच्या वर्गाची खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. मी आत जायला लाजले आणि खिडकीशीच उभी राहिले. वन्सं जमिनीवर बसल्या होत्या आणि मुलं त्यांच्याभोवती इतकी दाटली होती की त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. एक मुलगा गुडघा वर करून दाखवत होता.

“बाई, माझी खोक बघा. मी विहिरीपाशी पडलो.”

“तुझी लहान आहे. बाईंची मोठी आहे,” दुसरा म्हणाला.

“बाई, तुम्हाला टाके घातले तेव्हा तुम्ही रडलात?”

“थोडीशी,” वन्सं म्हणाल्या.

“मी नाही रडले,” एक लहान मुलगी त्यांच्या मांडीवरून म्हणाली. तिने फ्रॉकची बाही वर करून कोपर पुढे केलं. “हे बघा. माझं पण.” मग तिने बोट नेऊन वन्संच्या कपाळावरचा व्रण वरून खालपर्यंत पुसल्यासारखा केला. “दुखतं?”

“आता नाही.”

वन्संनी नंतर सांगितलं की हीच ती दारामागची. पट्टी बघून आधी पुढे आली तीही हीच. आठी म्हणजे बाई आपल्यावर रागावल्या असं त्या मुलांना वाटत होतं. खोक म्हणजे बाई पडल्या. पडलेल्या माणसाला काय भ्यायचं?

मी डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आले.

मे महिन्यात मोठ्या बाईंनी कायम केल्याचं पत्र दिलं. ह्यांनी त्याची नक्कल स्वतःच्या हाताने करून दिरांना पाठवली, कोर्टातल्या कागदासारखी, खाली ‘खरी नक्कल’ असं लिहून. त्यानंतर पेणहून पत्र आलं नाही.

जूनच्या पगाराला वन्संनी तीन रुपये माझ्यापुढे ठेवले. मी हात मागे घेतला.

“वन्सं, आता कसले पैसे? मीच तर शेकलं.”

“शेकलंस तू, पैसे घेतले मी. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.”

“पण सगळं फुकटच गेलं ना ते.”

“ते माझं मी बघेन,” वन्सं म्हणाल्या. “तू मोज.”

दर महिन्याला तसंच झालं. मला घेताना दर वेळी लाज वाटायची, आणि त्या मी मोजल्याशिवाय उठायच्या नाहीत. एका महिन्यात आजारपणामुळे पगार कापला गेला तेव्हा एकच रुपया दिला आणि पुढच्या महिन्यात पाच. बुगड्या मी पुन्हा घडवल्या नाहीत. पाळीची भोकं तोवर बुजत आली होती. पैसे मेणाच्या डबीशेजारी एका पुडीत राहायचे, आणि पुढे मुलीच्या वेळी बाळंतपणाला उपयोगी पडले.

शेवटचे तीन रुपये त्यांनी एका सकाळी दिले. मी आरशापुढे कुंकू लावत होते. कपाळाला मेण लावून झालं होतं, कुंकू लावायचं होतं. वन्संनी नाणी फळीवर एकाशेजारी एक मांडली.

“मोज,” त्या म्हणाल्या.

“तीन.”

“आणि सगळे मिळून?”

“साठ.”

“झाले,” असं म्हणून त्यांनी शाळेची पिशवी उचलली. मग मी कुंकू लावलं.